प्रिंटर पडवीत, कॉम्प्युटर माडीवर: जोडायचा कसा?

पोफळी | १७ जून, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्याला ताप झालाय म्हणून शेवटी धागा काढतेय. आमचं घर गुहागर तालुक्यात, जुनं, जांभ्याचं, भिंती दीड-दीड फुटी. माझं काम घरून चालतं त्यामुळे कॉम्प्युटर माडीवर, फायबरची वायर पण तिथेच आत घेतलीय आणि राउटर टेबलाशेजारीच. प्रिंटर मात्र खाली पडवीत. आई तिथे शिकवण्या घेते आणि शिष्यवृत्तीचे सराव पेपर तिला जवळजवळ रोज छापून लागतात. पेपर मी माडीवर टाईप करते, ती खाली उचलते, असं आमचं ठरलेलं.

प्रिंटर इंक टँकवाला आहे, यूएसबी आहे, वायफाय आहे, लॅनचं (नेटवर्कची वायर लावायचं) पोर्ट नाही. सरळ रेषेत धरलं तर अंतर १२-१३ मीटरच असेल पण मधे दोन भिंती आणि माडीची तक्तपोशी. एप्रिल-मे मधे वायफायवर बरा चालत होता. जून लागला, पाऊस सुरू झाला आणि तेव्हापासून कधी प्रिंट येते, कधी अर्धं पान येऊन थांबतं, कधी कॉम्प्युटर सरळ ऑफलाइन म्हणून सांगतो. मग मी पेनड्राइव्ह घेऊन खाली, आईचा जुना लॅपटॉप चालू करा, त्यात अपडेट सुरू, तोवर पोरं येऊन बसलेली.

लांब यूएसबी केबल टाकली तर चालेल का? २०-२५ मीटरची मिळते का? की दुसरं काही करावं? खर्च फार नकोय पण एकदाच काय ते नीट होऊ दे. आईला गुडघ्यामुळे जिना चढायला लावायचं नाही, ही एक अट.

खटपट्या | १७ जून, रात्री १०:१५

ताई, केबल विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा.

एक, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो तेव्हा प्रिंटरवरूनच नेटवर्कचा रिपोर्ट छापा. बहुतेक मॉडेलमधे वायफायचं बटण थोडा वेळ दाबून ठेवलं की कागद येतो. त्यावर सिग्नल कसा आहे आणि आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा प्रिंटरचा नंबर) काय आहे ते लिहिलेलं असतं.

दुसरं, माडीवरच्या कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधे पोर्ट्स उघडा आणि तिथे कुठला आयपी आहे ते बघा. दोन आकडे सारखे आहेत का? लाइट जाते का वरचेवर? ते पण सांगा.

निवांत_डोंबिवली | १७ जून, रात्री १०:४०

आमच्या वन बीएचकेत हा प्रश्न कधी आलाच नाही, हॉलमधून हात लांब केला की प्रिंटर :) पण दीड फुटी भिंतींचं घर म्हणजे काय गारवा असेल! फोटो टाका ना पडवीचा.

कोल्हापुरी_चप्पल | १७ जून, रात्री ११:०५

यूएसबी केबल टाका सरळ. माझ्या दुकानात काउंटरपासून मागच्या खोलीपर्यंत १५ मीटरची टाकलीय, चार वर्षं झाली, एकदाही कुरकुर नाही. वायफायच्या भानगडीत पडूच नका.

तात्या सांगलीकर | १८ जून, सकाळी ६:३०

वरच्या प्रतिसादाबद्दल थोडं बोलतो, कारण १५ मीटर वाचून कुणीतरी बाजारातून साधी केबल आणेल आणि पैसे पाण्यात जातील.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधे नोकरी केली, आता निवृत्त. आमच्या वेळी डॉट मॅट्रिक्स असायचे, मागे ती जाडजूड पॅरलल केबल, दोन्ही बाजूंनी स्क्रू आणि क्लिपा. तिची लांबी बहुतेक दीड-दोन मीटर. पुढे १९९४ साली आयईईई १२८४ हे मानक आलं आणि चांगल्या केबलवर १० मीटरपर्यंत जाता यायला लागलं. ऑफिसात खोली बदलायची म्हणजे प्रिंटरचं टेबल आधी हलवायचं आणि मग माणसांची, असा प्रकार होता.

यूएसबी आली आणि वाटलं सुटलो, पण तिची मर्यादा आणखी कमी. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटर, बास. यात करंट कमी पडतो हा मुद्दा नाही, प्रिंटरला स्वतःची वीज असतेच. कॉम्प्युटर विचारतो आणि उत्तराची वाट ठरावीक वेळच बघतो, केबल लांबली की ते उत्तर उशिरा पोचतं आणि तो समजतो समोर कुणी नाही. त्यामुळे जाड केबल घ्या, सोन्याचा मुलामा दिलेली घ्या, काही उपयोग नाही.

चप्पल साहेब, तुमची १५ मीटरची चालते म्हणजे ती अ‍ॅक्टिव्ह केबल असणार, मधे कुठेतरी छोटी डबी किंवा जाड गाठ असेल बघा. ती सिग्नल पुन्हा नव्याने उचलून पुढे ढकलते. अशा पाच डब्यांपर्यंत साखळी करता येते, कागदावर ३० मीटर होतात. पण प्रत्येक डबी म्हणजे बिघडायची आणखी एक जागा.

कोल्हापुरी_चप्पल | १८ जून, सकाळी ९:१०

तात्या, आत्ता जाऊन बघितलं. दोन गाठी आहेत! दुकानदाराने नुसती "लांब केबल" म्हणून दिली होती आणि पैसे जरा जास्त घेतले होते ते का आज कळलं. माझं म्हणणं मात्र तेच, चालते ना, मग झालं.

सुपारीचं झाड | १८ जून, सकाळी ९:३५

पोफळीताई, सोपा प्रश्न विचारतो, प्रिंटरच माडीवर आणला तर? पेपर छापून झाले की खाली नेऊन द्यायचे. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी वायरींचं जाळं कशाला?

पोफळी | १८ जून, दुपारी १:२०

@सुपारीचं झाड: वर्षभर तसंच होतं हो. मी मीटिंगमधे असते, आई खालून हाका मारते, मी म्यूट करून ओरडते थांब म्हणून. शिवाय तिला मधेच झेरॉक्स काढायची असते, एखादं पोर पेपर विसरून येतं, तेव्हा ती प्रिंटरवर कागद ठेवून कॉपीचं बटण दाबते. ते तिला छान जमतं. तिची शिकवणी तिच्या हिमतीवर चाललीय, प्रिंटर तिच्याच हाताशी असला पाहिजे. माझंच वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला हवं एवढंच.

@खटपट्या: रिपोर्ट छापला. सिग्नल "पुअर". आयपी १९२.१६८.१.१४ आणि कॉम्प्युटरवर पोर्टमधे १९२.१६८.१.७! हे काय आहे? आणि लाइटचं विचारू नका, या आठवड्यात रोज तीन-चारदा गेली.

@तात्या: किती नीट समजावलंत, मी खरंच २० मीटरची साधी केबल कार्टमधे टाकून ठेवली होती, काढली.

खटपट्या | १८ जून, दुपारी २:०५

सापडला एक चोर. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं लक्षण एकच, "ऑफलाइन".

पहिला आयपीचा. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर भाड्याने देतो. लाइट गेली, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद झाले, परत आले की कुणाला कुठला नंबर मिळेल याची खात्री नाही. तुमचा प्रिंटर ७ वरून १४ वर राहायला गेला आणि कॉम्प्युटर अजून ७ चं दार वाजवतोय. उपाय फुकट आहे. राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीमधे (हे नंबर वाटायचं सेटिंग) अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा, प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) रिपोर्टवर असतोच, तो टाकून एक नंबर त्याच्या नावावर कायमचा करून टाका. मग विंडोजमधे प्रिंटर काढून परत जोडा आणि जोडताना स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट निवडून तोच नंबर हाताने द्या. आपोआप जोडू दिलं तर विंडोज बरेचदा डब्ल्यूएसडी पोर्ट घेतो, तो प्रिंटरला स्वतः शोधत बसतो आणि तुमच्यासारख्या कमजोर सिग्नलवर हरवतो.

दुसरा आजार सिग्नलचा. त्याला पैसे लागतील, पण पहिला बरा करा मग बोलू.

रानवारा | १८ जून, दुपारी ३:४५

जांभ्याबद्दल. आमचं घर लांज्याला, अगदी हाच अनुभव. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात भिंत पाणी पिते, हात लावला तर थंड ओलसर लागते ना तीच. आणि वायफायच्या लहरींना पाणी फार अडवतं. मे मधली कोरडी भिंत आणि जूनमधली भिजलेली भिंत या राउटरच्या दृष्टीने दोन वेगळ्या भिंती. पागोळ्या पडतात त्या बाजूला गिलावा नसेल तर आणखी वाईट. म्हणून तुमचा प्रिंटर मे मधे शहाणा होता.

आणि राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने आहेत का? घरगुती प्रिंटर बरेचसे २.४ वरच बोलतात. भिंतीतून जायला पण २.४ च बरं, ५ दीड फुटी जांभ्यासमोर लगेच हात टेकतो. ते वेगळं नाव देऊन बघा.

फोंडेकर | १८ जून, संध्याकाळी ६:२०

मी पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर वापरतो, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन प्लग असतात, एक राउटरकडे भिंतीच्या सॉकेटात, दुसरा प्रिंटरकडे, आणि नेट घरातल्या विजेच्या वायरीतूनच जातं. दुसऱ्या टोकाला काहींना वायफाय पण असतं. आमच्याकडे फोंड्याला जुन्या घरात वायर नवी ओढायची सोय नव्हती म्हणून घेतलं.

पण खरं सांगायचं तर घर थ्री फेज असेल आणि दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असतील तर बऱ्याचदा चालत नाही किंवा रडतखडत चालतं. आणि एक्स्टेन्शन बोर्डात, स्पाइक गार्डात लावायचं नाही, सरळ भिंतीत. माझा एक महिना त्यातच गेला. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या.

पोफळी | १८ जून, रात्री ९:००

रिझर्व्हेशन केलं!! राउटरचं पान पहिल्यांदाच उघडलं, पासवर्ड राउटरच्या पोटावरच छापलेला होता. प्रिंटरला ५० नंबर दिला. लाइट गेली-आली तरी नंबर तोच राहिला, ऑफलाइन निम्म्याने कमी झालं. पण चित्रं असलेलं पान अजून मधेच अडकतं. २.४ वेगळं केलं, थोडा फरक.

फोंडेकर, आमच्याकडे थ्री फेजच आहे, पंपासाठी घेतलेलं. पडवी कुठल्या फेजवर आहे देव जाणे.

शिल्पा_एडिसन | १९ जून, सकाळी ७:५०

माझा प्रश्न याच्याच जवळचा आहे म्हणून इथेच विचारते. कॉम्प्युटर न्यू जर्सीत आणि प्रिंटर साताऱ्याला, आईबाबांकडे. इतकं लांब कोणाचं नसेल :) बाबांचे मेडिक्लेमचे फॉर्म, बँकेचे कागद मी इथून भरून पाठवते पण ते उघडून छापणं त्यांना जमत नाही, शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं. पूर्वी गूगल क्लाउड प्रिंट होतं, मस्त चालायचं, ते २०२० च्या ३१ डिसेंबरला बंद झालं. आता काय करता तुम्ही लोक? कोणीतरी म्हणालं राउटरमधे पोर्ट उघडून दे.

खटपट्या | १९ जून, सकाळी ८:३०

शिल्पाताई, पोर्ट अजिबात उघडू नका. प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर येईल ते छापतो, पासवर्ड विचारत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर एका माणसाने इंटरनेटवर असे उघडे प्रिंटर शोधून जगभर हजारो ठिकाणी एका यूट्यूबरच्या प्रचाराची पानं छापली होती. बाबांच्या घरी रात्री दोनला प्रिंटर आपोआप सुरू झाला तर ते घाबरतील.

त्यापेक्षा प्रिंटरचं मॉडेल बघा. बऱ्याच नवीन वायफाय प्रिंटरना कंपनीकडे नोंदणी केली की स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर तुम्ही पीडीएफ जोडून मेल टाकायची, साताऱ्यात कागद बाहेर. फक्त ठरावीक पत्त्यांवरूनच मेल घ्यायची अशी यादी लावता येते, ती नक्की लावा.

शिल्पा_एडिसन | १९ जून, सकाळी ९:१५

अगं बाई, हे माहीतच नव्हतं. बघते. आणि कोणी इथून प्रिंटर न्यायचा विचार करत असेल तर नका नेऊ, मी चौकशी केली होती. इथे १२० व्होल्ट, तिकडे २३०, आणि काही कंपन्यांच्या काडतुसांना प्रदेशाचं कुलूप असतं, तिकडची शाई यात चालत नाही.

जुना_लेझर | १९ जून, दुपारी १२:१०

माझा किस्सा वेगळा. पोफळीताईंच्या प्रिंटरला निदान वायफाय तरी आहे, माझ्याकडे पंधरा वर्षांचा काळा-पांढरा लेझर, फक्त यूएसबी, आणि अजून असा छापतो की टाकवत नाही. आधी एक छोटी प्रिंट सर्व्हरची डबी आणली, यूएसबी आत, लॅन बाहेर. चाललीच नाही. नंतर कळलं की हे स्वस्त लेझर स्वतः काही डोकं लावत नाहीत, पान कसं रेखाटायचं ते सगळं कॉम्प्युटर करून देतो, काहींना तर चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) पण कॉम्प्युटरनेच पाठवावं लागतं. साध्या डबीला हे जमत नाही.

मग पुतण्याने रास्पबेरी पाय आणून दिला, पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स आणि कप्स (छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर). प्रिंटर त्याला यूएसबीने, तो घरच्या वायफायला. ब्राउझरमधे त्याचा आयपी आणि पुढे ६३१ टाकलं की सगळं सेटिंग दिसतं. आता बायकोचा आयफोन, मुलीचा अँड्रॉइड, माझं विंडोज, सगळीकडून छापतो. आयफोनला वेगळं काही करावं लागलं नाही, त्याला तो आपोआप दिसला. फक्त आधी बघून घ्या की तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर लिनक्सवर आहे का आणि तो पायच्या प्रोसेसरवर चालतो का, सगळ्यांचा चालत नाही.

मृण्मयी_ठाणे | १९ जून, दुपारी १:००

पायची काय गरज, खाली आईंचा जुना लॅपटॉप आहेच ना, त्याला यूएसबीने जोडायचा आणि शेअर करायचा. आम्ही ऑफिसात तसंच करायचो.

जुना_लेझर | १९ जून, दुपारी १:२५

@मृण्मयी: करता येतं, पण मग तो लॅपटॉप कायम चालू हवा. आणि सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर विंडोजच्या शेअर केलेल्या प्रिंटरना ०एक्स०००००११बी ही एरर यायला लागली ती आठवते का? त्या वर्षी प्रिंट स्पूलरमधे (विंडोजचा छपाईची रांग सांभाळणारा भाग) सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं म्हणून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. दोन्ही मशीन अपडेट असतील तर आता जमतं, एक जुनं असेल तर अडतं. त्यांच्या लॅपटॉपमधे तर उघडल्या उघडल्या अपडेट सुरू होतात म्हणे.

मृण्मयी_ठाणे | १९ जून, दुपारी १:४०

हो हो ती एरर! दोन दिवस अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट पेनड्राइव्ह घेऊन फिरत होतं. मागे घेते.

तात्या सांगलीकर | १९ जून, संध्याकाळी ५:१५

पोफळी, आता माझं ऐक. सगळे उपाय वाचले, सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत. तुझ्या घराला मात्र मला एकच पटतं. भिंतीपलीकडे जायचं काम वायरला दे आणि शेवटचे चार हात वायफायला दे.

यूएसबी ५ मीटर, लॅन केबल १०० मीटर. एवढा फरक आहे दोघींत. कॅट सिक्स केबल माडीवरच्या राउटरपासून पडवीपर्यंत आण. पडवीत एक जुना राउटर बसव. तुमचं आधीचं कनेक्शन बंद केलं असेल त्याचा पडलेला असेल तरी चालेल, फक्त त्याचं सेटिंगचं पान उघडतं का ते बघ. त्यात तीन गोष्टी करायच्या. त्याचा स्वतःचा आयपी बदलून माडीवरच्याच्या रांगेतला पण वेगळा दे, समजा १९२.१६८.१.२. त्याचा डीएचसीपी बंद कर, घरात नंबर वाटणारा एकच हवा. आणि माडीवरून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात लाव, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या पोर्टात लावू नको. वॅनमधे लावलीस तर पडवीत वेगळंच नेटवर्क तयार होईल आणि माडीला प्रिंटर दिसणार नाही.

त्या राउटरच्या वायफायला वेगळं नाव दे. नाव एकच ठेवलं तर प्रिंटर माडीवरचा कमजोर सिग्नल धरून बसायची शक्यता असते.

केबल घेताना दुकानदाराला विचार की शुद्ध तांब्याची आहे का. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल खूप येते, ती वाकवली की आत तुटते. विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीतून नेऊ नको, हातभर अंतर ठेव. टोकं क्रिंप करायची (केबलला प्लग दाबून बसवायचे) असतील तर दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

रानवारा | १९ जून, संध्याकाळी ७:००

तात्यांना अनुमोदन. दोन गोष्टी कोकणातल्या म्हणून वाढवतो. केबल पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर आणि माकडं दोन्ही केबलीला सोडत नाहीत. आमच्याकडे माकडाने डिशची वायर कौलांवरून ओढत नेली होती.

आणि वीज. केबल घराच्या आतून, छपराखालून जात असेल तर ठीक, पण उघड्यावरून दुसऱ्या इमारतीत, गोठ्यात वगैरे नेऊ नका. जवळपास वीज पडली की लांब तांब्यात झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. माझा राउटर आणि टीव्ही एकाच संध्याकाळी गेले, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. दुसऱ्या इमारतीपर्यंत न्यायचंच असेल तर मधे धातूचं कवच नसलेली फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी), काचेतून झटका जात नाही.

निवांत_डोंबिवली | १९ जून, रात्री ९:३०

अवांतर पण महत्त्वाचं: पावसाळ्यात कागद! रिम उघडी ठेवली की कागद ओल पकडतो, कडा वळतात आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. ट्रेमधे लागतील तेवढेच ठेवा, बाकी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. डोंबिवलीत हे हाल तर गुहागरला काय असेल. पान अडकतं म्हणालात त्यातलं थोडं या कारणाने पण असेल.

पोफळी | २० जून, सकाळी ८:००

@निवांत: अगदी बरोबर, आईने आज रिम गव्हाच्या कोठीवरून काढून स्टीलच्या डब्यात ठेवली, मला न विचारता! म्हणाली पापड ठेवतो तसा ठेवला.

तात्या, मनावर घेतलं. रविवारी भाऊ येतोय चिपळूणहून, केबल त्यालाच आणायला सांगते. सुतळीने मोजलं, राउटरपासून तक्तपोशीच्या कडेने, जिन्याच्या बाजूने, माजघराच्या दारावरून पडवीपर्यंत २४ मीटर भरतंय. ३० घेऊ ना?

तात्या सांगलीकर | २० जून, सकाळी ८:२०

३० घे. उरलेली गुंडाळून ठेव, ताणून बसवू नको. भिंतीला भोक पाडायच्या आधी दाराच्या चौकटीवर फट मिळते का बघ, जुन्या घरात मिळते.

कोल्हापुरी_चप्पल | २० जून, सकाळी १०:००

मी अजून म्हणतो दोन अ‍ॅक्टिव्ह केबली जोडल्या असत्या तर रविवारची वाट बघावी लागली नसती. पण तात्यांपुढे बोलत नाही.

जुना_लेझर | २० जून, सकाळी १०:३०

@कोल्हापुरी: पडवीत राउटर आला की आईंच्या फोनला पण नेट मिळेल, पोरांना व्हिडिओ दाखवता येईल. यूएसबी केबल एका प्रिंटरपुरतीच राहते.

कोल्हापुरी_चप्पल | २० जून, सकाळी १०:४५

हां, हे मात्र पटलं.

पोफळी | २४ जून, रात्री १०:३०

झालं!!! सविस्तर लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

केबल ३० मीटर, मीटरला २५ रुपयांप्रमाणे ७५० झाले, पाइप आणि क्लिपा मिळून आणखी ३००. राउटर जुनाच मिळाला, माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यात होता. तात्या म्हणाले तशी दाराच्या चौकटीवर फट सापडली, एकच भोक पाडावं लागलं, तेही लाकडात.

चूक एक झाली. भावाने केबल सवयीने निळ्या वॅन पोर्टात लावली, नेट चालू, फोन चालू, प्रिंटर मात्र माडीवरून दिसेना. अर्धा तास गेला. मग हा धागा उघडून तात्यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला, केबल लॅनमधे लावली आणि लगेच दिसला. दुसरं म्हणजे जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद केल्यावर प्रिंटरला नंबर माडीवरचाच राउटर देतो, त्यामुळे ५० चं रिझर्व्हेशन तसंच चाललं, विंडोजमधे काही बदलावं लागलं नाही.

खटपट्यांनी मागे पिंग करून बघा (प्रिंटरला छोटे संदेश पाठवून किती उत्तरं येतात ते मोजायचं) असं व्यनिमधे (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं होतं. आधी १०० पैकी ३१ हरवत होते आणि आलेल्यातले काही ९०० मिलिसेकंदांनी यायचे. आता १०० पैकी १०० आले, सगळे १० च्या आत. बाहेर मुसळधार पाऊस असताना केलंय हे.

आज ४० पानी गणिताचा संच माडीवरून पाठवला, आकृत्या भरपूर, एकदाही थांबला नाही. आई खालून ओरडली "आलं गं", आणि मी तशीच मीटिंगमधे बसून राहिले.

रानवारा | २४ जून, रात्री १०:५०

वा! पडवीतला राउटर कशावर आहे? लाइट गेली की तो बंद झाला तर प्रिंटर परत गायब.

पोफळी | २४ जून, रात्री ११:०५

इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. प्रिंटर पण त्यावरच आहे, चालेल ना?

जुना_लेझर | २४ जून, रात्री ११:२०

इंक टँक आहे ना, तो छापताना जेमतेम १०-२० वॉट घेतो, खुशाल चालवा. लेझर मात्र कोणी लावू नका. आतला रोलर तापवायला तो कित्येक शे वॉट एकदम ओढतो, ६०० व्हीएचा छोटा यूपीएस जागेवर बसतो. माझा बसला होता.

शिल्पा_एडिसन | २५ जून, सकाळी ६:४०

पोफळी, किती छान वाटलं वाचून! माझं पण झालं गं. प्रिंटरला ईमेल पत्ता मिळाला, यादीत फक्त मी आणि भाऊ. काल रात्री इथून बाबांचा फॉर्म पाठवला आणि फोन करून सांगायच्या आत त्यांचाच फोन आला, "काहीतरी छापून आलंय, तुझ्या अक्षरात आहे."

सुपारीचं झाड | २५ जून, सकाळी ९:००

पोफळीताई, अभिनंदन. मी प्रिंटर वर न्या म्हणालो होतो, आता मलाच विचारायचंय. माझ्या बायकोचं शिवणकाम मागच्या खोलीत चालतं, बिलं आणि मापांचे कागद ती माझ्याकडे येऊन मागते. अंतर १८ मीटर, चिऱ्याच्याच भिंती. तो माळ्यावरचा जुना राउटर कुठल्या कंपनीच्या कनेक्शनचा असेल तर चालतो, की कुठलाही?

खटपट्या | २५ जून, सकाळी ९:२०

कुठलाही, सेटिंगचं पान उघडलं आणि डीएचसीपी बंद करता आला की झालं. आधी माडीवर नेऊन केबलने लॅपटॉपला जोडून तपासा, मगच भिंतीला पाइप ठोका. आणि मागची खोली घराला लागून आहे की वेगळी? वेगळी असेल तर रानवाऱ्याने विजेबद्दल लिहिलंय ते वाचा.

सुपारीचं झाड | २५ जून, सकाळी ९:३०

लागूनच आहे, एकच छप्पर. आजच माळ्यावर चढतो.